पंचांचा पंच कोण?

गेल्या मार्गशीर्षातील गोष्ट. रात्रीची जेवणे आटोपून घरातील मंडळी माजघरात बसली होती. आमची नात, वय वर्षे चौदा, त्याच दिवशी जिल्ह्याच्या धावण्याच्या निवड चाचणीस जाऊन आली होती. यादी दोन दिवसांनी लागणार होती. आठशे मीटरांत आपल्यापुढे किती मुली होत्या आणि मागे किती, याचा हिशेब ती पोर संध्याकाळपासून बोटांवर करीत होती. बोलता बोलता आमचे चिरंजीव म्हणाले, "नाना, निवड समितीत तुमचा एक जुना विद्यार्थी आहे म्हणे. एक फोन केलात तर?"

आमचे वडील बंधू आरामखुर्चीत पडले होते, ते म्हणाले, "त्यात गैर ते काय? आजकाल सगळेच करतात. तू न केलास तर दुसऱ्या कोणाचा फोन जाईल आणि आपली पोर मागे राहील."

यावर सूनबाई एरवी वडीलधाऱ्यांपुढे फारसे बोलत नाहीत, पण त्या दिवशी त्या हळूच म्हणाल्या, "मग ती धावली कशासाठी?"

या प्रश्नाने आमची त्या रात्रीची झोप उडाली. प्रश्न एका घरातील एका मुलीचा खरा. परंतु या देशातील खेळांच्या कारभारात आजवर जो घोटाळा होत आला आहे, त्याचे मूळ अशाच एखाद्या माजघरातील एखाद्या फोनात असते, असे आम्हांस वाटू लागले. त्या विचारांची उजळणी वाचकांसमोर करावी म्हणून हा लेखनप्रपंच.

चांदवडचा नावाडी

प्रथम आमच्याच जिल्ह्यातील एक उदाहरण घेऊ. चांदवड तालुक्यात तळेगाव रोही नावाचे गाव आहे. हा भाग अवर्षणाचा. उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याची जेथे ददात, तेथे नाव आणि वल्हे कोणास ठाऊक असणार? अशा गावातील दत्तू बबन भोकनळ या गरीब घरच्या मुलाने पितृछत्र हरपल्यावर सैन्यात नोकरी धरली, तेथे प्रथम वल्हे हाती घेतले, आणि २०१६ साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये एकेरी नौकानयनात उपांत्यपूर्व फेरीपर्यंत मजल मारली. २०१८ च्या ऑगस्टात इंडोनेशियातील आशियाई क्रीडास्पर्धांत स्वर्णसिंग, ओमप्रकाश आणि सुखमीतसिंग यांच्यासह चौघांच्या शर्यतीत त्याने सुवर्णपदक जिंकले. नाशिककरांची मान उंचावली.

परंतु त्याच स्पर्धेतील एकेरी शर्यतीत तो मध्येच थांबला होता. प्रकृती ठीक नव्हती, असे त्याचे म्हणणे. जाणूनबुजून शर्यत सोडली, असे राष्ट्रीय नौकानयन महासंघाचे म्हणणे. २०१९ साली महासंघाने त्याजवर दोन वर्षांची बंदी घातली. २०२० च्या जानेवारीत तीच बंदी त्याच महासंघाने उठविली. आणि त्याच २०२० साली भारत सरकारने त्यास अर्जुन पुरस्कार दिला!

आता वाचकांनी क्षणभर विचार करावा. खेळाडू तोच, शर्यत तीच, पाणीही तेच. एके वर्षी तो दोषी, पुढील वर्षाच्या आरंभी निर्दोष म्हणावा इतका मोकळा, आणि त्याच वर्षाच्या उत्तरार्धात सन्माननीय. महासंघास शिस्त लावण्याचा अधिकार नाही, असे आमचे म्हणणे नाही; सेनापतीविना सैन्य आणि शिस्तीविना संघ चालत नाही, हे तीस वर्षे वर्ग सांभाळलेल्या मास्तरास कोणी सांगावयास नको. परंतु आरोप करणारा जो, तोच साक्ष घेणारा, तोच शिक्षा सांगणारा, आणि दाद मागावयाची तर पुन्हा त्याच्याच दारी, ही कोणती न्यायपद्धती? कोणी आपल्याच दाव्यात न्यायाधीश होऊ नये, हे तत्त्व गावच्या चावडीवरही मानीत असत. शिवाय वल्हेकऱ्याच्या उमेदीची वर्षे मोजकी. बंदी उठली, पण दवडलेले महिने कोणत्या ठरावाने परत येणार?

जुने दुखणे

हे दुखणे आजचे नव्हे. कऱ्हाडजवळील गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकीस कुस्तीत कांस्यपदक मिळविले, स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक, हे शाळकरी मुलांसही ठाऊक असते. पण ते हेलसिंकीपर्यंत कसे पोहोचले, ही हकीकत अधिक शिकण्यासारखी आहे. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत पंचांनी पक्षपाताने आपणास एक गुण कमी दिला, अशी त्यांची तक्रार होती. ते पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागण्यास गेले. पुन्हा कुस्ती लावण्यात आली, आणि त्यांनी प्रतिस्पर्ध्यास चीत करून आपला हक्क सिद्ध केला. एवढ्याने भागले नाही. जाण्याच्या खर्चास पैसा नव्हता. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. गावकऱ्यांनी वर्गणी जमविली. हेलसिंकीस जपानच्या मल्लाशी दीर्घ झुंज दिल्यावर विश्रांतीवाचून त्यांस लगेच सोव्हिएत मल्लाशी लढावे लागले असे सांगतात. नियमाने विसावा मिळावयास हवा होता. पण तो नियम पंचांपुढे मांडण्यास आपला एकही अधिकारी त्या वेळी जागेवर नव्हता.

या कथेत एक मास्तर घर गहाण ठेवतो आणि एक अधिकारी जागेवर नसतो. आपल्या क्रीडेतिहासाचे सार या दोन माणसांत आले, असे आम्हांस वाटते. त्यानंतर दुसरे वैयक्तिक पदक येण्यास चव्वेचाळीस वर्षे लागली. १९९६ साली लिअँडर पेस यांनी ते टेनिसमध्ये मिळविले.

आणि चौसष्ट वर्षांनंतर काय दिसले? २०१६ च्या ऑगस्टात रिओस महिलांच्या मॅरेथॉनमध्ये ओ. पी. जैशा धावत धावत अंतिम रेषेपाशी कोसळल्या. वाटेत ठराविक अंतरावर इतर देशांची माणसे आपापल्या धावपटूंस पाणी व पेये देत होती, भारताच्या मेजावर मात्र कोणी नव्हते, अशी त्यांनी तक्रार केली. ॲथलेटिक्स महासंघाने उत्तर दिले की, विचारले असता त्यांनी व त्यांच्या प्रशिक्षकांनीच नको म्हटले. त्याच शर्यतीत आमच्या नाशिकच्या कविता राऊत धावल्या होत्या. आपली काही गैरसोय झाली नाही, असे त्यांनी सांगितले. सरकारने चौकशी नेमली. खरे कोणाचे, याचा निवाडा आम्ही येथे बसून करणार नाही. परंतु बेचाळीस किलोमीटर धावणाऱ्या मुलीस पाणी द्यावे की नाही, हे विचारून ठरविण्याचे नसते. नातेवाइकांच्या लग्नातही पाण्याचे पेले पाहुण्यांस विचारून भरीत नाहीत.

दिल्लीचे घड्याळ

कविताबाईंचा उल्लेख आला म्हणून आणखी एक गोष्ट. हरसूलच्या बाजूच्या सावरपाड्याची ही आदिवासी कन्या. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांत दहा हजार मीटर धावण्यात तिने कांस्यपदक मिळविले. या स्पर्धांच्या धावपट्टीवर वैयक्तिक पदक मिळविणारी ती पहिली भारतीय स्त्री. परंतु आज कोणासही दिल्लीच्या त्या स्पर्धांविषयी विचारा. त्यास कविता राऊत आठवणार नाही, घोटाळा आठवेल. संयोजन समितीचे अध्यक्ष पुण्याचे सुरेश कलमाडी. ते १९९६ पासून भारतीय ऑलिंपिक संघटनेचे अध्यक्षपदही भूषवीत होते. वेळ, गुण व निकाल नोंदण्याच्या यंत्रणेच्या कंत्राटावरून केंद्रीय अन्वेषण विभागाने २०११ च्या एप्रिलात त्यांस अटक केली. पुढे पैशांच्या गैरव्यवहारासंबंधीचे एक प्रकरण बंद करावे, असा अंमलबजावणी संचालनालयाचा अहवाल दिल्लीच्या न्यायालयाने २०२५ साली स्वीकारला. म्हणजे आरोपानंतर चौदा वर्षे लोटली. एवढ्या अवधीत दोषी असेल तर शिक्षा नाही, निर्दोष असेल तर निष्कलंक नाव नाही. ही स्थिती आरोपीस आणि देशास सारखीच लाजिरवाणी. आणि योगायोग पाहा, वाद होता तो वेळ मोजण्याच्या घड्याळाच्या कंत्राटाचा! जी मुलगी घड्याळाशी झुंजली ती विस्मृतीत गेली. ज्यांनी घड्याळ विकत घेतले त्यांची नावे सर्वतोमुखी झाली.

त्यानंतर २०१२ च्या डिसेंबरात आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने भारतीय संघटनेस निलंबित केले. निवडणुकीतील सरकारी हस्तक्षेप आणि आरोप असलेल्या व्यक्तींची पदांवरील निवड ही कारणे होती. २०१४ च्या फेब्रुवारीत सोची येथील हिवाळी ऑलिंपिकच्या उद्घाटनात आपल्या खेळाडूंस तिरंग्याविना, ऑलिंपिकच्या ध्वजाखाली चालावे लागले. पदाधिकाऱ्यांच्या पापाचे प्रायश्चित्त खेळाडूंनी घेतले.

क्रिकेटमध्ये पैशाची ददात नाही, पण तेथेही २०१३ च्या आयपीएलमधील सट्टेबाजीच्या प्रकरणातून सर्वोच्च न्यायालयास नियामक मंडळात लक्ष घालावे लागले. न्यायमूर्ती लोढा यांच्या समितीच्या शिफारशी न्यायालयाने २०१६ च्या जुलैत बहुतांशी मान्य केल्या. मंडळाने चालढकल केली, तेव्हा २०१७ च्या जानेवारीत अध्यक्ष व सचिव या दोघांसही पदावरून दूर केले. कुस्तीत तर २०२३ साली ऑलिंपिक पदके मिळविलेल्या मल्लांस दिल्लीच्या रस्त्यावर बसून महासंघाच्या अध्यक्षांविरुद्ध स्त्री-खेळाडूंच्या छळाची तक्रार मांडावी लागली. आणि आमच्या महाराष्ट्रात? १९६१ पासून चालत आलेली महाराष्ट्र केसरीची मानाची गदा. पण कुस्तीगीर संघटनेत फूट पडल्यामुळे २०२३ च्या नोव्हेंबरात एकाच महिन्यात दोन स्पर्धा झाल्या, एक धाराशिवास आणि दुसरी पुण्याजवळ फुलगावास. एका राज्यात दोन केसरी! २०२५ च्या फेब्रुवारीत अहिल्यानगरच्या स्पर्धेत पंचांच्या निर्णयाने खवळून शिवराज राक्षे या मल्लाने पंचास लाथ मारली. मल्लाचे ते वर्तन निंद्यच, आणि त्याजवर बंदी आली हे योग्यच. परंतु पुढे त्या पंचावरही कारवाई झाली, हे आपण विसरता कामा नये. दाद मागण्याची वाट मोकळी असती, तर लाथेपर्यंत मजल जाती ना.

असे का होते?

परदेशांत सर्व आलबेल आहे, असे मानण्याचे कारण नाही. अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटीस हिवाळी ऑलिंपिक मिळावे म्हणून दिलेल्या भेटींच्या प्रकरणात १९९९ साली आंतरराष्ट्रीय समितीच्या दहा सभासदांस पायउतार व्हावे लागले. २०१५ च्या मे महिन्यात जागतिक फुटबॉल संघटनेच्या अधिकाऱ्यांस झुरिकच्या हॉटेलात भल्या पहाटे अटक झाली. रोग सार्वत्रिक आहे. म्हणून त्याचे निदान व्यक्तींच्या नावांत न शोधता व्यवस्थेत शोधले पाहिजे.

आमच्या मते कारणे तीन. पहिले, एकाधिकार. एका खेळास एकच संघटना. एका दुकानाचा माल वाईट निघाला तर गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानी जाते. खेळाडूने कोठे जावे? त्याचे सारे आयुष्य त्या एका दरवाजावर टांगलेले. दुसरे, मतदार. संघटनेच्या निवडणुकीत मत असते ते राज्य व जिल्हा संघटनांस; घाम गाळणाऱ्यास नव्हे. म्हणून पदाधिकारी खेळाडूस खूश ठेवीत नाही, मतदारास खूश ठेवतो. कोणास संघाबरोबर व्यवस्थापक म्हणून परदेशवारी, कोणास समितीवर जागा, असा प्रसाद वाटला की पुढील चार वर्षांची निश्चिंती. तिसरे कारण म्हणजे 'मानद' हा शब्द. वेतन नाही म्हणून जाब नाही, आणि जाब नाही म्हणून हिशेब नाही. सेवा फुकट आहे, मग प्रश्न कसले विचारता, अशी ही ढाल आहे.

कौटिल्याने अर्थशास्त्रात सरकारी द्रव्याच्या अपहाराचे चाळीस प्रकार मोजून ठेवले आहेत. दोन सहस्र वर्षांपूर्वीच्या त्या चतुर पुरुषाची दृष्टी पाहून आम्ही वर्गात नेहमी थक्क होत असू. पण एक्केचाळिसावा प्रकार त्याच्याही नजरेतून सुटला. आणि तो आम्हांस ठाऊक आहे, कारण तो आम्ही स्वतः केला आहे.

सर्वानुमते

सुमारे पस्तीस वर्षे झाली. आम्ही तेव्हा एका तालुक्याच्या गावी नोकरीस होतो. शाळाशाळांच्या क्रीडास्पर्धांची एक समिती होती, आणि आमचे अक्षर चांगले व भाषा शुद्ध म्हणून सभांचे कार्यवृत्त लिहिण्याचे काम आम्हांकडे असे. शंभर मीटर धावण्यात वसतिगृहातील एक मुलगा सर्वांच्या पुढे होता. आम्ही स्वतः दोरीपाशी उभे राहून ते पाहिले होते. यादी करण्याची वेळ आली तेव्हा एका सभासदाच्या पुतण्याचे नाव पुढे आले. वसतिगृहातील मुलाचा वेळ घड्याळात नीट लागला नाही, असे कोणीतरी म्हणाले. सगळे गप्प. अळीमिळी गुपचिळी. आम्हीही गप्प. नुसते गप्प नव्हे, आम्ही वळणदार अक्षरात लिहिले, "सदर निवड सर्वानुमते करण्यात आली." सही केली, चहा घेतला आणि घरी आलो.

त्या मुलाने तक्रार केली नाही. तक्रार कोठे करावयाची असते, हेच त्यास कोणी सांगितले नव्हते. पुढल्या वर्षी तो मैदानावर आला नाही. बऱ्याच वर्षांनी एस. टी.त तिकिटे फाडणारा वाहक "नमस्कार, सर" म्हणाला, तेव्हा आम्ही त्यास ओळखले. त्याने तिकीट दिले, सुटे पैसे मोजून परत केले, आणि सहज विचारावे तसे विचारले, "सर, त्या वर्षीचा माझा वेळ कोठे लिहिलेला असेल का हो?" आम्ही म्हटले, "नाही रे, लिहिला नव्हता." तो "बरं, सर" म्हणून पुढे गेला. त्याने सुटे पैसे परत केले होते; आम्हांस मात्र त्याचे काहीच परत करता आले नाही.

ज्या समित्यांवर आपण टीका करतो, त्यांवर बसलेली माणसे आकाशातून पडलेली नसतात. ती बहुधा आपल्यासारखीच असतात, शिकलेली, घरंदाज, शुद्ध लिहिणारी. लाच घेणारा एखादाच. पण त्याच्या शेजारी बसून 'सर्वानुमते' लिहिणारे पाचपन्नास असतात. पाचामुखी परमेश्वर म्हणतात. परंतु चार मुखे मिटलेली असली, तर पाचव्या मुखातून परमेश्वर बोलतो की आणखी कोणी, हे कसे कळावे?

उपाय

२०२५ च्या ऑगस्टात संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन अधिनियम संमत केला. संघटनांस मान्यता देण्यास राष्ट्रीय क्रीडा मंडळ, तंट्यांच्या निवाड्यास स्वतंत्र क्रीडा न्यायाधिकरण, निवडणुकांवर देखरेखीस वेगळी व्यवस्था, कार्यकारिणीत पंधरापेक्षा अधिक माणसे नकोत, त्यांत निदान दोन गुणवान खेळाडू व चार स्त्रिया असाव्यात, अशी त्यात तरतूद आहे. ही पावले स्वागतार्ह होत. विशेषतः न्यायाधिकरणामुळे आरोप करणाऱ्याच्याच दारी न्याय मागण्याची नामुष्की टळावी, ही आशा. मात्र माहितीचा अधिकार सरकारी अनुदान घेणाऱ्या संघटनांपुरताच ठेवला आहे, ही उणीव आम्हांस खटकते. जी संघटना देशाच्या नावाने संघ उतरविते, तिने देशास हिशेब दाखविण्यास संकोच का करावा?

परंतु कायदा दिल्लीत होतो आणि यादी तालुक्यात लागते. म्हणून घराघरांतील पालकांस आमचे सांगणे आहे. आपल्या मुलाची निवड झाली किंवा न झाली तरी, निवडीचे निकष काय आणि वेळ वा गुण किती, हे लेखी मागा. आपल्यासाठी नव्हे, शेजारच्या मुलासाठीही मागा. समितीवर बसण्याचा योग आलाच, तर मनात असेल तो विरोध कार्यवृत्तात नोंदवा. एका ओळीचा विरोध पुढे एखाद्याचे आयुष्य वाचवितो. आणि हातात फोन असला म्हणून तो करू नका.

आम्ही त्या रात्री फोन केला नाही. सकाळी चिरंजीव काही बोलले नाहीत. वडील बंधूंनी "तुझी मर्जी" एवढेच म्हटले. तिसऱ्या दिवशी नातीस घेऊन आम्ही स्वतः यादी पाहण्यास गेलो. फळ्यावर नावे होती आणि प्रत्येक नावापुढे वेळ लिहिलेला होता, निवड झालेल्यांचाही आणि न झालेल्यांचाही. तिघींची निवड होती. आमची नात चौथी. तिसरीच्या आणि तिच्या वेळेत एका सेकंदाहून थोडे अधिक अंतर होते. पोरीचे डोळे भरून आले. येताना रिक्षात ती रडली. पण रुसली नाही. घरी येताच तिने आईस विचारले, "उद्या सकाळी पाचला उठवशील?"

त्या समितीत आमचा विद्यार्थी आहे, हे आम्ही वर सांगितलेच. फळ्यावरील अक्षर त्याचे होते. त्यास आम्ही व्याकरण शिकविले होते. वेळ लिहावयास आम्ही शिकविले नव्हते. ते तो कोठे शिकला, हे एकदा भेटून त्यास विचारावयाचे आहे.